मुलाला दाखवायला आली आणि...

म्हापशाला एका खाजगी हॉस्पिटलात मी फिजिओ आहे. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यामुळे ओपीडीत पेशंटपेक्षा पिशव्याच जास्त. अशाच एका शुक्रवारी पेडण्याहून एक बाई अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्याला सैन्यात जायचंय आणि वाड्यावर कोणीतरी डोक्यात भरवलेलं की तळवे सपाट आहेत, मेडिकलला बाद होशील, आधीच ऑपरेशन करून घे.

आमच्या डॉक्टर सरांनी त्याला चवड्यांवर उभं केलं, लगेच दोन्ही पायांना मस्त कमान आली. दुखत नाही, फुटबॉल खेळतो. सर म्हणाले असल्या लवचीक पायाला सुरी लावायची नसते, उगाच न दुखणारा पाय दुखायला लागेल, आणि लष्कराच्या मेडिकललासुद्धा चवड्यांवर कमान येत असेल नि पाय न दुखता मोकळा हलत असेल तर चालतं.

विषय संपला, पण माझं लक्ष आईच्या चपलेकडे. उजवीची आतली कड पार झिजलेली, घोटा आतून सुजलेला.
"काकी, पाय दुखतो काय तुमचा?"
"माझं काय नाय गो बाय, मुरगळलेला दोन वर्षांमागं. त्याचं बघ."

कळंगुटला हॉटेलात हाउसकीपिंग, दिवसभर उभं. भिंतीला धरून एकेका पायावर टाच उचलायला सांगितली. डावी उचलली. उजवी हललीच नाही! घोट्यामागून येऊन कमान उचलून धरणारी नस (टेंडन हो, इथे सगळे नसच म्हणतात) कामातून गेलेली, आणि बाई दोन वर्षं बाम चोळतायत.

आधी इनसोल, ब्रेस, व्यायाम, चार महिने सगळं केलं पण फरक नाही. मग ऑपरेशन ठरलं, टाचेचं हाड कापून साधारण 1 सेंटीमीटर आत सरकवायचं, स्क्रू मारायचा आणि बोटं वळवणारी शेजारची नस त्या खराब नसेच्या जागी जोडायची. एवढं सगळं शांतपणे ऐकलं, पण नंतर 6 आठवडे पाय टेकायचा नाही म्हटल्यावर उठल्याच.
"चवथ झाल्याशिवाय नाय! माटोळी कोण बांधणार?" (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, आणि माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट.)

चवथीनंतर झालं एकदाचं. व्यायामाला मुलगाच घेऊन यायचा, आणि दर वेळी टाच उचलायच्या आधी काकी मला सांगायच्या की आजही ह्यानं भात करपवला.