मंडईतली वही

आज पुण्याच्या मंडईत एका भाजीवाल्या मावशींची मुलाखत घेतली. विषय यूपीआय. पहिल्याच प्रश्नाला माती खाल्ली: "ॲप आवडतं का?" "हो, चांगलंय की." संपलं! तोंडावर कोण नावं ठेवणार?

मग विचारलं, "मावशी, आत्ता शेवटचे पैसे आले तेव्हा काय काय केलंत?" त्यांनी काट्याखालून वही काढली. प्रत्येक ऑनलाइन पैशाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. स्पीकर बोलतो, पण गलक्यात ऐकू कुठे येतो? म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल बघायचा नि रेघ मारायची. यूपीआय 2016 पासून आहे; मावशींचा हिशेब वहीतच. माझ्या बारा प्रश्नांत वही नव्हतीच.

(प्रश्न विचारून गप्प बसायला शिकतोय. दहा सेकंद फार मोठे असतात हो!)

निघताना अर्धा किलो गवार घेतली. रोख. सुटे होते.