दीड वेढ्यांचा कान

"हिचं ध्यानच नसतंय पोराकडं," आजी सुनेकडे बघत मला म्हणाल्या. सून गप्प.

मुलगा तीन वर्षांचा. जन्मापासून कमी ऐकू येतं म्हणून दोन्ही कानांना मशीन, आणि त्यावर 'आई', 'पानी', 'भूभू' असे शब्दही आलेले. मागच्या आठवड्यात तो ओट्यावरून पडला. टेंगूळ उतरलं, पण मशीन लावूनही हाकेला वळेना. मी बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी, पुन्हा केली. ऐकणं खूपच खाली गेलं होतं.

एवढ्याशा टेंगळानं चांगला कान जात नाही. ईएनटी सरांनी सीटी स्कॅन सांगितला आणि त्यात उत्तर मिळालं. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा शंख, त्याला अडीच वेढे असतात. इथे जेमतेम दीड, वरचे वेढे एकाच पोकळीत मिसळलेले. शेजारची व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट ही हाडातली बारीक नळी मध्यावर दीड मिलिमीटरपेक्षा रुंद असली की मोठी धरतात. इथे ती बरीच रुंद होती. 1791 साली बोलोन्यात कार्लो मोंदिनी यांनी जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानाचं विच्छेदन करून नोंदवलेली रचना ती हीच.

मी आजींना पडद्याजवळ बोलावलं. "कानाची ही वाढ पोटात सातव्या आठवड्याच्या आसपास थांबली. दिवस गेलेत हे नुकतं कळतं तेव्हा."

"मग पडल्यानं न्हाई?"

नुसतं 'नाही' म्हणणं खोटं ठरलं असतं. अशा कानाला छोटा धक्काही पुरतो. कधी धक्क्याशिवायही ऐकणं घसरतं. पण तीन वर्षांचं पोर पडणारच, त्याला कोण थांबवणार?

"मी नळाला गेलते, मॅडम," सून पहिल्यांदाच बोलली. आजी काही बोलल्या नाहीत.

जन्मतः बहिरेपण आढळलं की स्कॅन तेव्हाच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. 'नस कमजोर आहे' एवढंच सांगून मशीन हातात देतात. रुंद नळी आधी कळली असती, तर डोकं जपायला घरच्यांना सांगता आलं असतं.

सरांनी स्टेरॉईड सुरू केलं. एमआरआयमध्ये श्रवणनस दोन्हीकडे शाबूत दिसली, म्हणजे ऐकणं परत आलं नाही तरी कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, चांगला उपयोग होईल. फक्त शस्त्रक्रियेत कॉक्लिया उघडताना मेंदूभोवतीचं पाणी जोरात येऊ शकतं, म्हणून सर्जनला हे आधी माहीत हवं.

हा दोष बऱ्याचदा जनुकातून येतो, तोही आईबाप दोघांकडून. तसं असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता. घरी चार महिन्यांची धाकटी होती. दुसऱ्या दिवशी तिला बेरासाठी आजीच घेऊन आल्या.