राखून ठेवलेली मेंढरे
बायबलच्या जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला १५ वा अध्याय मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहे. पण इस्राएलाच्या शौल राजाने परमेश्वराची आज्ञा मोडली असे जे आपण सरसकट म्हणतो ते तितकेसे खरे नाही, हे मला फार उशिरा उमगले. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचा त्यांच्या गुरामेंढरांसकट समूळ नाश कर, ही ती आज्ञा शमुवेल संदेष्ट्याने त्याला सांगितली होती. शौलाने त्यातले बहुतेक सगळे केले होते. २ लाख पायदळ आणि यहूदाचे १० हजार पुरुष घेऊन तो अमालेक्यांवर चालून गेला, लढला आणि जिंकला. (ती आज्ञाच इतकी कठोर आहे की हा अध्याय वाचताना माझे मन आजही जड होते.) राहिले ते एवढेच, की त्याने त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवले आणि गुरामेंढरांतली उत्तम तेवढी राखली, टाकाऊ होते त्याचा मात्र नाश केला.

शमुवेल रात्रभर परमेश्वराकडे आक्रोश करून शौलाला भेटायला आला, तेव्हा शौल आपण होऊन म्हणाला, की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. तेवढ्यात मागे मेंढरे ओरडत होती. शमुवेलाने त्या ओरडण्याविषयीच विचारले. शौलाचे उत्तर सावकाश वाचावे: उत्तम जनावरे राखली ती 'लोकांनी', बाकीच्यांचा नाश केला तो 'आम्ही', आणि राखली ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी. 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे' हे वचन या उत्तरावर आलेले आहे. यज्ञ तुच्छ आहे असे शमुवेल म्हणत नाही; पण न पाळलेल्या आज्ञेची भरपाई यज्ञाने होत नाही. पुढे शौल कबूल करतो, की मला लोकांची भीती वाटली.

धाकट्या भावाशी माझे विहिरीच्या पाण्यावरून बिनसले होते आणि चूक माझी होती. नंतरची चार वर्षे मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली, पुतणीच्या लग्नात आहेर पाठवला, दशांशात, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यात, खंड पडू दिला नाही. फक्त त्याच्या दारी जाऊन 'माझे चुकले' एवढे म्हणालो नाही, कारण भावकीत मान खाली जाईल असे वाटत होते. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असल्याचे आठवले तर दान वेदीपुढेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४), आणि हे वचन मला तोंडपाठ होते.

कापणीच्या सणाला नव्या गव्हाची टोपली घेऊन मी दानार्पणाच्या रांगेत उभा होतो. तो गहू त्याच विहिरीच्या पाण्यावर पिकलेला होता. टोपली बाकावर ठेवून मी तसाच निघालो. भाऊ अंगणात दावे वळत बसला होता. मी म्हणायचे ते म्हणालो. बराच वेळ त्याचे हात थांबले नाहीत. मग मान वर न करताच तो म्हणाला, "आत ये, दादा. उन्हात किती वेळ उभा राहशील?"