कशानं आली?

काल रात्री बारा वाजेपर्यंत झोप नाही आणि कारण इतकं फालतू आहे की लिहायलाही लाज वाटून राहिली. मी खोटं बोलले. फार मोठं नाही, एका ऑटोएवढं.

पिंटूच्या पोरीचं बारसं होतं. दारात चप्पल काढतच होते तर जाऊबाई आतून, "आली का गं? कशानं आली?" आपल्या नागपुरात आधी कशानं आली ते विचारतात, कशी आहेस ते मागून, आणि ते कधीकधी राहूनच जातं. माझ्या तोंडून फटकन निघालं, "ऑटोनं."

आले होते मेट्रोनं. वासुदेव नगरला चढले, चितारओळी चौकात उतरले, मध्ये बदलायची पण भानगड नाही. डिसेंबर २०२२ च्या आधी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरून पुढे ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागायची, आता प्रजापती नगरपर्यंत सरळ जाते. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या पोरीनं डब्याचं झाकण उघडायला लावलं, सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, वास तिथे सगळीकडे, ती म्हणे "काकू, पुडाच्या वड्या? घरी केल्या?" मी म्हटलं घे एक, तर ड्यूटीवर नाही चालत म्हणाली, पण झाकण लावताना परत एकदा आत बघितलंच तिनं. मग बसायला जागा मिळाली, खिडकीतून अंबाझरीचं पाणी, मांडीवर डबा, इस्त्रीची साडी जशीच्या तशी. मी मजेत होते हो. म्हणूनच कळत नाही, की मग ऑटो काहून म्हटलं?

आणि खोटं एवढ्यावर थांबतं थोडीच. "किती घेतले?" मी म्हटलं दोनशे. कुठून आला हा आकडा माहीत नाही. झालं, "अगं बाप्पा, लुटलं न तुला!" मग तिघीजणी गोळा झाल्या, दीडशेच्या वर द्यायचेच नाही, ॲपवरून बोलवायचं, तुला मेलीला बोलता येत नाही म्हणून फसवतात. म्हणजे कीव येऊ नये म्हणून ऑटो सांगितला आणि कीव आलीच, वर मूर्ख पण ठरले. मेट्रोच्या महाकार्डावरून कटले किती ते सांगितलं असतं तर चाटच पडल्या असत्या.

२६ वर्षं बसनं ऑफिसला गेले मी. आधी एसटीची सिटीबस, मग स्टारबस, दाराशी लोंबकळत पण गेले. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, उलट "किती धावपळ करते" म्हणायचे. नोकरीला बसनं जाणं म्हणजे कष्ट. बारशाला बसनं जाणं म्हणजे काय? घरी कुणी सोडणारं नाही, एवढंच ऐकू येतं लोकांना. ह्यांची ॲक्टिव्हा कव्हर घालून खाली उभी आहे. असो.

बरं, हीच जाऊबाई, मार्च २०१९ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा अख्ख्या खानदानाला घेऊन बर्डी ते खापरी गेली होती. खापरीला काही काम नव्हतं, कुणाला नसतंच, उतरले, फोटो काढले, परत. स्टेटसला ठेवले होते तिनं आठ दिवस. म्हणजे कामाशिवाय बसलं तर सहल, आणि खरंच कुठे पोचायला बसलं तर बिचारी.

मी रात्री हेच घोकत होते आणि तिच्यावर चिडत होते, तर एकदम आत्या आठवल्या. पारडीहून आल्या होत्या एकदा आपली बसनं, कुंकवाचा करंडा पदरात बांधून, घामानं डबडबलेल्या. त्या गेल्यावर स्वयंपाकघरात किती वेळ चाललं होतं, दोन दोन पोरं असून म्हातारीला बसनं यावं लागते. मी पोळ्या लाटत होते. मी पण "च्च" केलं होतं. चांगलं लांबलचक. आत्या कदाचित खिडकीत बसून मजेत आल्या असतील, मी विचारलं कुठे.

त्या "च्च"चीच भीती वाटली असणार मला दारात. जाऊबाईनं केलं पण नव्हतं अजून.

पुढचं ऐका. निघताना म्हणे परत नाही लुटू द्यायचं, पुतण्या सोडेल कारनं. नाही कसं म्हणणार, दोनशेवाली बाई मी. बसले एसीत. सेंट्रल अव्हेन्यूवर पाच मिनिटं झाली तरी पुढचा ट्रक हलेना, हा बिचारा हॉर्नवर हॉर्न, आणि आमच्या डोक्यावरून तीन डब्यांची मेट्रो सुर्र करून गेली, माझ्या घराकडे. मी मान वाकडी करून बघत राहिले. मग दिवसाचं दुसरं खोटं बोलले, "मला अग्रसेन चौकात सोड रे, तिथे फॉल-पिकोला साडी टाकली आहे." तो पण सुटल्यासारखा झाला, थांबू का काकू असं एकदाच विचारलं त्यानं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत एका साड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले, दुकानदार "या न ताई" करून राहिला, मग जिना चढले.

परत मशीन, परत डबा. रिकामा देत नाहीत म्हणून जाऊबाईनं घुगऱ्या भरून दिल्या होत्या, वरून खोबरं. चांगल्या झाल्या होत्या हो, ते पण लिहायला हवं. घरी येऊन उभ्याउभ्या खाल्ल्या.

आज सकाळी तिचा फोन. पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू आहे, "तू ऑटो करू नको, मी पोराला पाठवते घ्यायला." हिंगणा रोडपर्यंत तो येणार, परत जाणार, परत सोडायला येणार. नाही म्हणायचं तर आता खरं सांगावं लागेल. तेही सांगेन एकवेळ, पण खरं सांगितलं तर ते दोनशे कुठे दाखवू? तिनं तर बारशाला आलेल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.