अलीचं खरं नाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७४ सालचा 'आंग्स्ट एसन झीले आउफ' हा सिनेमा मी कुणालाही दाखवला की दिवे लागल्यावर तुमचाच प्रश्न हमखास येतो: "सिनेमा एकटेपणावरचा आहे ना? मग कोण गोरा, कोण परदेशी, हे कशाला बघायचं? एकटेपणा सगळ्यांचा सारखाच की."

सुरुवातीला तसं वाटतं खरं. म्युनिकमध्ये पाऊस पडतोय म्हणून साठीची विधवा एमी एका बारमध्ये शिरते आणि कोला मागवते. आत अरबी गाणं चालू आहे. बारमधली एक बाई मोरोक्कन अलीला डिवचते, जा, त्या म्हातारीबरोबर नाच. तो खरंच जातो. ती साफसफाईची कामं करते, मुलं असून नसल्यासारखी. तो गॅरेजात राबतो. दोघांनाही बोलायला कुणीतरी हवंय. पुढे ते चक्क लग्न करतात.

पण नावाचं बघा. त्याचं नाव एल हेदी बेन सालेम म'बारेक मोहम्मद मुस्तफा. (नटाचंही खरं नाव हेच.) सगळे अली म्हणतात, म्हणून अली. आपल्याकडे सोसायटीच्या नेपाळी वॉचमनला सरसकट 'बहादूर' म्हणतात, तसलाच प्रकार. एमी कितीही एकटी असली तरी ती फ्राऊ, म्हणजे श्रीमती, कुरोव्स्की आहे. अर्थात ते आडनाव तिच्या पोलिश नवऱ्याचं, त्यामुळे शेजारणी तिच्याही जर्मनपणावर शंका घेतातच!

सिनेमाचं नावसुद्धा अलीच्या मोडक्या जर्मनमधलं आहे. मराठीत आणायचं तर 'भीती आत्मा खाऊन टाकणे'. क्रियापद चालवायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. कामाला माणसं हवी होती म्हणून पश्चिम जर्मनीनं १९६३ साली मोरोक्कोशी करार केला, आणि १९७३ च्या नोव्हेंबरात परदेशी कामगारांची भरतीच बंद केली. त्यांना म्हणायचे 'गास्टआर्बाइटर', म्हणजे पाहुणे कामगार. पाहुणे, आणि वर कामगार! मला हा शब्द आजही खटकतो.

मला सगळ्यात जास्त छळतो तो जिन्याचा प्रसंग. लग्नाची बातमी फुटल्यावर बरोबरच्या बायका एमीला वाळीत टाकतात, जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यावर एकटीच खात बसते. काही दिवसांनी वारं फिरतं. कुणाला तिचं तळघर हवं असतं, लेकाला मूल सांभाळायला आजी हवी असते, वाण्याला गिऱ्हाईक हवं असतं. सगळे गोड होतात. मग कामावर योलांडा नावाची नवी युगोस्लाव्ह बाई येते, आणि तीच जिन्याची जागा तिच्या वाट्याला येते. कॅमेराही तसाच, कठड्याच्या गजांमधून बघणारा. आणि आपली एमी? ती आता त्या बायकांच्या घोळक्यात. घरीही तेच. अलीला त्याच्याकडचं कुसकुस (रव्यासारख्या दाण्यांचा पदार्थ) खावंसं वाटतं, तर ही म्हणते, जर्मनीत राहायचं तर इथल्यासारखं राहायला शीक. वर मैत्रिणींना त्याचे दंड चाचपायला लावते.

म्हणून 'सारखाच' हे मला पटत नाही. एमीचा एकटेपणा लोकांची गरज निघाली की सरतो. अलीची गरज निघाली तेव्हाही त्याच्याकडून सामानच उचलून घेतलं गेलं.

सिनेमाची एक उणीवही सांगते. एमीचा नवरा, मुलं, नाझी पक्षातलं सभासदत्व, सगळं आपल्याला कळतं. अलीचं गाव मात्र दोन-चार तुटक वाक्यांत उरकतं. दिग्दर्शकानं त्याला शरीर भरपूर दिलं, शब्द मोजून दिले.

शेवटी दोघं त्याच बारमध्ये पुन्हा नाचत असताना अली पोट धरून कोसळतो. अल्सर. डॉक्टर एमीला सांगतात, परदेशी कामगारांमध्ये हे नेहमीचंच आहे, ताणामुळे होतं. ऑपरेशन करायचं, आणि सहा महिन्यांनी ते पुन्हा इथेच. एमी म्हणते, मी तसं होऊ देणार नाही. ती खाटेशी बसून त्याचा हात धरते. तो शुद्धीवर नसतो.