तुम्ही विचारलंत म्हणून: पाच वर्षांची स्कॉच कच्ची नसते का?

आर्डबेग या स्कॉटिश डिस्टिलरीच्या ‘वी बीस्टी’ या धुरकट व्हिस्कीवर वयाचा ठळक 5 लिहिलेला असतो. ते पाहून हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ दुसरा: मग ती प्यायची कशी?

कायद्याने स्कॉचला स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात तीन वर्षं पुरतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची किलहोमन डिस्टिलरी 2005 साली सुरू झाली आणि 2009 मध्ये तिने तीन वर्षांचीच व्हिस्की बाजारात आणली. धुराच्या व्हिस्कीला हे परवडतं, कारण पिंपात वर्षं जातात तसा धूर बोथट होतो आणि लाकूड वरचढ होतं. धूर हवा असेल तर तो तरुणपणीच घ्यावा.

मोड आलेली बार्ली ओलसर असतानाच तिच्याखाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या शेवाळाचा आणि गवताचा वाळवलेला थर. त्याच्या धुरातली फिनॉलं, म्हणजे धुरकट वासाची रसायनं, दाण्याला धरतात. आर्डबेगचा ‘50 ते 55 पीपीएम’ (दहा लाखांत इतके भाग फिनॉल) हा आकडा त्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आंबवलेलं पाणी उकळून वाफेतून दारू गाळताना त्यातलं बरंच मागे राहतं, म्हणून आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. फिनॉलं गाळपाच्या उत्तरार्धात जास्त येतात. धुराच्या लोभाने धार फार उशिरापर्यंत घेतली, तर सोबत ओल्या पुठ्ठ्याचा, घामट वास उतरतो. कोवळी व्हिस्की वाईट लागली तर बहुतेकदा दोष इथला असतो. वयाला उगाच बोल लागतो.

आता ग्लास. तोंडाशी निमुळता हवा, आणि लिंबाच्या वासाच्या साबणाने घासलेला नको. गरम पाण्याने विसळून निथळत ठेवा. 30 मिली ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग ग्लास हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. नाक आत खुपसलंत तर 47.4 टक्के अल्कोहोल झोंबेल, बाकी काही कळणार नाही. आधी राख, डांबर, जुन्या लाल लाइफबॉयचा कार्बोलिक वास येईल. मिनिटभरात नाक धुराला सरावतं. खरी गंमत तिथून पुढे: पेअर, व्हॅनिला, भिजलेलं धान्य. धुराखाली हे काहीच सापडलं नाही, तर ती व्हिस्की नुसता धूरच आहे.

पहिला घोट अगदी लहान, जिभेवर दहा सेकंद. मग चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, साधं पाणी. अल्कोहोल साधारण 40.6 टक्क्यांवर येतो. दुसऱ्या चमच्याने तो 35.5 वर जातो. बहुतेकांना तिथे गोडवा उलगडतो. 2017 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल हा धुरकट घटक पृष्ठभागाकडे सरकतो. बर्फ मात्र नको. थंडीने फळं दबतात, राख तेवढी उरते. मुंबईच्या मे महिन्यात व्हिस्की कोमट वाटली तर फ्रिजमधलं पाणी घाला.

अनेक व्हिस्क्या चाखायच्या असतील तर हिला शेवटी ठेवा. हिच्यानंतर बिनधुराच्या साध्या माल्ट व्हिस्कीची चव लागत नाही. तिखट फरसाणही दूरच. भाजलेला सुका बोंबील चालेल, किंबहुना शोभेल. बाटली उभी ठेवा, आणि तळाशी तिसरा हिस्सा उरला की दोन-तीन महिन्यांत संपवा. रिकाम्या जागेतल्या हवेने सगळ्यात आधी धूरच उतरतो.