काफ्कावाचनाची वही : गावात मोजणीदार येतो

मृग लागला त्या आठवड्यात फ्रान्झ काफ्काचे कथालेखन त्याने ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने वाचायला घेतले, त्याला आता आठ महिने झाले. छापील क्रम धरला तर हिशेब उलटा लागतो. कारण त्याच्या तिन्ही कादंबऱ्या त्याच्या मृत्यूनंतर माक्स ब्रोड या मित्राने १९२५, १९२६ आणि १९२७ साली प्रसिद्ध केल्या आणि त्यांपैकी शेवटी छापलेली 'अमेरिका' त्याने सर्वांत आधी लिहायला घेतली होती. वहीच्या डाव्या पानावर आयुष्य आणि उजव्या पानावर कथा, अशी मांडणी ठेवली आहे. पावसाळ्यात दिवसाला दहा पाने होत. कापूस वेचणीच्या दिवसांत तीही झाली नाहीत.

डावे पान लवकर भरले. जन्म ३ जुलै १८८३, प्राग. वडील हेरमान हे ओसेक नावाच्या खेड्यातल्या खाटकाचे पुत्र, प्रागमध्ये दुकानदार झालेले. १९०६ साली कायद्याची डॉक्टरेट आणि १९०८ पासून १९२२ पर्यंत कामगार अपघात विमा संस्थेत सकाळी आठ ते दुपारी दोन अशी नोकरी. चेक भाषकांच्या शहरात जर्मन बोलणारा आणि जर्मन भाषकांत ज्यू, म्हणून त्याच्या लेखनात परात्मता, म्हणजे परकेपणा, आला, असे प्रस्तावनांतून वाचायला मिळते. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण फार आयते आहे. अशी माणसे त्या शहरात पुष्कळ होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी रात्री जागून कथा लिहिल्या नाहीत.

मला अधिक उपयोगी पडला तो त्याचा कचेरीतला एक अहवाल. लाकूड रंधण्याच्या यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांवर त्याने १९०९ सालच्या कामकाजाच्या अहवालात लिहिले आहे. चौकोनी शाफ्टवर पाती बसवलेली असली की शाफ्ट आणि यंत्राचा पाट यांच्यात फट राहते, त्या फटीत बोट गेले की पेरेच्या पेरे तुटतात. गोल शाफ्टमध्ये पाती आत बसवता येतात आणि फट जवळजवळ बुजते, हे तो आकृत्या देऊन समजावतो. कुठेही हळहळ नाही, विशेषण नाही. माझ्या चुलत्यांचा अंगठा थ्रेशरमध्ये गेला, तेव्हापासून घरात ती गोष्ट नेहमी रडत सांगितली गेली आहे. या अहवालात मात्र तुटलेले बोटसुद्धा मोजमापाच्या भाषेत येते. कथांमधला निवेदकही याच स्वरात बोलतो, हे लक्षात आल्यावर मी ते दोन्ही पानांवर लिहून ठेवले.

'रूपांतर' पोळ्याच्या सुमारास संपवले. ते १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात लिहिलेले असून १९१५ साली प्रसिद्ध झाले. कथेचा नायक ज्या कीटकात बदलतो, तो कीटक मुखपृष्ठावर काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका, असे काफ्काने प्रकाशकाला बजावले होते. हा नायक, ग्रेगोर साम्सा, कीटक होऊन जागा होतो तेव्हा घड्याळात साडेसहा वाजलेले असतात, पाचची गाडी चुकलेली असते आणि पुढची गाडी सातची असते. देह बदलला याची त्याला फारशी काळजी नाही. गाडी चुकली याची आहे. पहिल्या वाचनात मी कीटकाकडेच पाहत राहिलो होतो. या वेळी दिसले ते एवढेच, की वडिलांचे कर्ज फेडणारा मुलगा मिळकत थांबताच घरातला राहत नाही. बहीण आधी त्याच्या आवडीचे दूध ठेवते, ते त्याला जात नाही; मग ती एका जुन्या वर्तमानपत्रावर शिळी भाजी, हाडे, बदाम-मनुका, पाव असे सगळे मांडून ठेवते, कारण त्याला काय रुचते हे आता तिला पाहूनच कळणार असते. वडील पुढे त्याच्यावर सफरचंदे फेकतात, त्यांपेक्षा हे वर्तमानपत्र मला जास्त लागले.

'खटला' याविषयी या वेळी फार लिहीत नाही. घाईने वाचला आणि त्याला पुन्हा वेळ द्यावा लागेल. १९१७ साली क्षयाचे निदान झाल्यावर काफ्का बहीण ओटला हिच्याकडे झ्युराऊ या खेड्यात आठ महिने राहिला, तिथे त्याने शेतातली कामेही केली. त्या दिवसांतल्या पत्रांत रात्रीच्या उंदरांची जी भीती आहे, ती आमच्याकडच्या कापूस साठवलेल्या खोलीत झोपलेल्या कोणालाही समजावी.

दिवाळीनंतर 'किल्ला' घेतला आणि अजून त्यातच आहे. ही कादंबरी त्याने १९२२ च्या आरंभी सुरू केली. सुरुवातीची प्रकरणे त्याने प्रथमपुरुषी लिहिली होती आणि पुढे मागे जाऊन 'मी' खोडून 'के.' केले, हे कळल्यापासून मी प्रत्येक 'के.'च्या जागी 'मी' ठेवून एक प्रकरण पुन्हा वाचतो. के. हा भूमापक, आपल्याकडच्या सरकारी भाषेत भूकरमापक आणि गावच्या भाषेत मोजणीदार. बर्फात रात्री गावात पोहोचतो आणि त्याला सांगितले जाते की परवानगीवाचून इथे झोपताही येत नाही. दुसऱ्या दिवशी एका घरात तो थोडा वेळ टेकतो, तर घरधनी म्हणतो की आमच्यात पाहुणचाराची रीत नाही, आम्हांला पाहुणे नकोत.

इथे मला आमच्या गावातली मोजणी आठवली. दोन भाऊबंदांच्या धुऱ्याचा वाद होता आणि हद्द कायम करण्यासाठी मोजणीदार फाट्यावर एसटीतून उतरला. कोणी त्याला चहा विचारेना. एकाच्या घरी चहा घेतला तर दुसरा हरकत घेणार, म्हणून दोघांनीही विचारला नाही. हॉटेलवाल्याने आधी पैसे कोण देणार ते विचारले आणि त्या माणसाने खिशातून दहा रुपये काढले. दुपारी तो शाळेच्या ओसरीवर बसून डबा खाऊ लागला, तेव्हा मी तांब्याभर पाणी नेऊन दिले. पुढचे पंधरा दिवस मला विचारणा होत होती, "गुरुजी, तुमी कोनाकडून हाय?"

त्या माणसाला एकटे वाटत होते का, हे मला ठाऊक नाही. तो शांतपणे जेवत होता. काफ्काची परात्मता मला आता अशीच वाटते. ती मनाची अवस्था नसून नेमणूक असूनही बसायला जागा नसण्याची स्थिती आहे. खानावळीची मालकीण के.ला तोंडावर सांगते, की तू किल्ल्यातला नाहीस, गावातला नाहीस, तू कोणीच नाहीस. आपल्या भाषेत यासाठी 'उपरा' हा शब्द होता. 'परात्मता' हा समीक्षेत वापरला जाणारा शब्द त्यापुढे फार धुतलेला वाटतो.

गावप्रमुखाचे प्रकरण मी तीनदा वाचले. संधिवाताने अंथरुणाला खिळलेला तो गृहस्थ सांगतो, की मोजणीदार नेमण्याचा हुकूम फार वर्षांपूर्वी आला होता, गावाने गरज नसल्याचे कळवले, पण उत्तर चुकीच्या विभागात गेले आणि तिथे पोहोचले ते कागदाविना रिकामे पाकीट. आमच्या हद्दी ठरलेल्या आहेत, लहानसहान तंटे आम्हीच मिटवतो, असेही तो म्हणतो. या वाक्याला मी मोठ्याने हसलो, कारण धुऱ्याचे तंटे आपापसांत मिटवणारे गाव आमच्या तालुक्यात तरी मी पाहिलेले नाही. कपाटातून कागद काढून जमिनीवर पसरणारी त्याची बायको मात्र ओळखीची वाटली.

भाषेची एक गंमत. जर्मनमध्ये मोजणे या क्रियापदाच्या जवळच चुकीचे मोजणे आणि मर्यादा ओलांडण्याचे धाडस करणे हे अर्थही बसतात. 'मोजमाप काढणे' यात थोडी तशी छटा येते, पण पुरेशी नाही.

माझ्याकडे 'किल्ला'ची, म्यूर दांपत्याचे १९३० चे आणि मार्क हार्मनचे १९९८ चे अशी दोन इंग्रजी भाषांतरे आहेत. पहिल्यात वाक्ये इस्त्री केलेली आहेत; दुसऱ्यात काफ्काची स्वल्पविरामांनी धावणारी वाक्ये तशीच धापा टाकतात. यापुढे दुसरेच धरणार आहे. हस्तलिखित एका म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यापाशी, वाक्य पुरे न होता थांबते. तिथवर पोहोचायला अजून सत्तर पाने उरली आहेत आणि तूर काढणीला आली आहे, त्यामुळे पुढची नोंद होळीच्या आधी होणार नाही.